फुटबॉल लीगचा पूर्ण हंगाम कसा पाहावा: नवख्या प्रेक्षकासाठी मार्गदर्शक

विश्वचषक पाहून फुटबॉलची गोडी लागलेला प्रेक्षक एखाद्या देशाच्या सर्वोच्च लीगकडे वळतो, तेव्हा तो सुरुवातीला बहुधा गोंधळून जातो. विश्वचषक महिनाभरात आटोपतो, तर लीगचा हंगाम नऊ-दहा महिने चालतो आणि त्यात तीनशेहून अधिक सामने होतात. बाद फेरीत एक पराभव झाला की संघाची वाटचाल संपते. लीगमध्ये मात्र हरलेला संघ पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात उतरतो, आणि ऑगस्टमध्ये गमावलेल्या तीन गुणांची किंमत मे महिन्यात गमावलेल्या तीन गुणांइतकीच असते. म्हणूनच लीग पाहणे म्हणजे सगळे सामने पाहणे नव्हे. ते कोणालाच शक्य नसते. गुणतालिका नीट वाचता येणे आणि त्या वाचनाच्या आधारे कोणता सामना पाहायचा हे ठरवता येणे, एवढे जमले की हंगाम आपल्या आवाक्यात येतो. पुढील पायऱ्या त्या दृष्टीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: लीगची रचना समजून घ्यावी

बहुतेक लीगमध्ये प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा स्वतःच्या मैदानावर आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या. त्यामुळे संघांच्या संख्येतून एक वजा करून येणारी संख्या दुप्पट केली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे सामने कळतात. इंग्लंडची प्रीमियर लीग, स्पेनची ला लिगा आणि इटलीची सेरी आ यांत २० संघ असल्याने प्रत्येकाला ३८ सामने मिळतात आणि एकूण सामने ३८० होतात. जर्मनीच्या बुंडेसलिगात १८ संघ, ३४ फेऱ्या आणि ३०६ सामने असतात. फ्रान्सनेही २०२३-२४ पासून आपली सर्वोच्च लीग १८ संघांवर आणली.

ही सरळ रचना सर्वत्र नसते, आणि नवखा प्रेक्षक नेमका इथेच फसतो. स्कॉटलंडमध्ये १२ संघ ३३ सामने खेळतात, त्यानंतर वरचे सहा आणि खालचे सहा असे दोन गट पडतात आणि प्रत्येक संघ आपल्याच गटातील संघांशी आणखी पाच सामने खेळतो. गट पडल्यानंतर खालच्या गटातील संघ वरच्या गटात जाऊ शकत नाही, त्यामुळे सातव्या क्रमांकावरील संघाचे गुण सहाव्यापेक्षा जास्त असल्याचे विचित्र दृश्य तेथे दिसू शकते. मेक्सिकोत एका वर्षात दोन छोट्या स्पर्धा होतात आणि प्रत्येकीचा विजेता बाद फेरीतून ठरतो. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाला एक ढाल मिळते, पण विजेतेपदाचा करंडक प्ले-ऑफ जिंकणाऱ्यालाच मिळतो. भारताच्या इंडियन सुपर लीगमध्येही २०१९-२० पासून साखळीतील अव्वल संघासाठी वेगळी ढाल देण्यात येऊ लागली. आपण पाहणार असलेल्या लीगमध्ये तालिकेतला पहिला क्रमांक म्हणजेच विजेतेपद आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

हंगामाचे महिनेही सारखे नसतात. युरोपातील मोठ्या लीग ऑगस्टमध्ये सुरू होऊन मेमध्ये संपतात, म्हणून त्यांचा हंगाम ‘२०२३-२४’ असा दोन वर्षांच्या जोडीने लिहिला जातो. नॉर्वे, स्वीडन आणि ब्राझील येथे तो एकाच वर्षात उरकतो. जर्मनीत हिवाळ्यात खेळ काही काळ थांबतो, तर इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमारास सामन्यांची अक्षरशः रांग लागते.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. एकच संघ लीगखेरीज देशांतर्गत चषक आणि, पात्र ठरला असल्यास, खंडातील अनेक देशांच्या संघांची खंडीय स्पर्धाही खेळत असतो. मंगळवारी-बुधवारी दिसणारे अनेक सामने या स्पर्धांचे असतात आणि त्यांच्या निकालाचा लीगच्या तालिकेशी काहीही संबंध नसतो. युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये २०२४-२५ पासून ३६ संघांची एकच स्वतंत्र तालिका असते, त्यामुळे घोटाळा अधिकच वाढला आहे. संबंध येतो तो थकव्याचा: बुधवारी दूरच्या शहरात खेळून आलेला संघ शनिवारी कसा खेळतो, हे लीगच्या प्रेक्षकाने जरूर पाहावे.

दुसरी पायरी: एक संघ निवडावा, आणि शक्यतो दोन

तटस्थ राहून ३८० सामन्यांत रस टिकत नाही, म्हणून एक संघ आपला मानावा आणि त्याचा दर आठवड्याचा सामना पूर्ण नव्वद मिनिटे पाहावा. इतर सामन्यांची क्षणचित्रे पुरेशी असतात. केवळ गतविजेत्याला निवडण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बायर्न म्युनिकने २०१२-१३ पासून २०२२-२३ पर्यंत सलग ११ वेळा बुंडेसलिगा जिंकली. त्या काळात त्यांच्यामागे जाणाऱ्याला आनंद भरपूर मिळाला असेल, पण लीगचा मोठा भाग त्याच्या नजरेआडच राहिला असेल. मधल्या क्रमांकांवर वावरणारा एक संघ आणि नुकताच खालच्या श्रेणीतून बढती मिळालेला एक संघ, अशी जोडी नवख्यासाठी सर्वांत उपयुक्त ठरते. पहिला संघ कधी वर, कधी खाली सरकताना दिसतो आणि दुसरा जवळजवळ प्रत्येक गुणासाठी झगडत असतो.

तिसरी पायरी: वेळापत्रक नजरेखालून घालावे

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या लीगचे वेळापत्रक साधारणपणे युरोपातील उन्हाळ्यातच, म्हणजे जून-जुलैत, जाहीर होते. त्यातून सलग तीन-चार अवघड सामने कोठे येतात आणि एकाच शहरातील दोन संघांची लढत कधी आहे, एवढे टिपून ठेवावे. जर्मनीत हंगामाचा उत्तरार्ध पूर्वार्धाच्याच क्रमाने, फक्त मैदाने उलटी करून खेळला जातो, त्यामुळे तेथे अंदाज बांधणे सोपे जाते. इटलीने २०२१-२२ पासून ही पद्धत सोडली आणि दोन्ही अर्धांचा क्रम वेगळा ठेवला. सामन्यांच्या नेमक्या वेळा प्रक्षेपणाच्या सोयीने पुढे बदलतात, म्हणून तारखा पक्क्या समजू नयेत.

चौथी पायरी: गुणतालिका वाचायला शिकावे

तालिकेतील रकाने साधेच असतात: खेळलेले सामने, विजय, बरोबरी, पराभव, केलेले गोल, स्वीकारलेले गोल, गोलफरक (केलेल्या गोलांतून स्वीकारलेले वजा करून) आणि गुण. नवखा प्रेक्षक शेवटचा रकाना पाहतो, पण जाणकाराची नजर आधी पहिल्या रकान्याकडे जाते. पाऊस, चषकाचे सामने किंवा इतर कारणांनी काही लढती पुढे ढकलल्या जातात आणि तालिकेत एक संघ २५, तर दुसरा २३ सामने खेळलेला दिसतो. अशा वेळी दोन सामने कमी खेळलेला संघ चार गुणांनी मागे असला, तरी तो खरोखर मागे आहे असे म्हणता येत नाही. मात्र उरलेले सामने म्हणजे हातात आलेले गुण, असे धरून चालणाऱ्यांचाही पुष्कळदा भ्रमनिरास होतो. एकूण गुणांना खेळलेल्या सामन्यांनी भागून दर सामन्यामागील गुण काढले, तर तुलना बरीच न्याय्य होते.

विजयाला तीन, बरोबरीला एक आणि पराभवाला शून्य, ही आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत तशी अलीकडची आहे. पूर्वी विजयाला दोनच गुण मिळत. इंग्लंडने १९८१-८२ पासून तीन गुणांची पद्धत स्वीकारली आणि १९९० च्या दशकात ती जगभर पसरली. या बदलामुळे बरोबरीची किंमत घसरली: तीन बरोबऱ्या साधणारा अपराजित संघ आणि एक विजय मिळवून दोनदा हरणारा संघ आता समान गुणांवर राहतात. इटलीच्या १९७८-७९ च्या हंगामात पेरुजा संघ ३० पैकी एकही सामना हरला नाही, पण त्यातले १९ सामने बरोबरीत सुटल्याने दोन गुणांच्या त्या काळातही विजेतेपद मिलानकडे गेले. याउलट आर्सेनलने २००३-०४ मध्ये २६ विजय आणि १२ बरोबऱ्या, तर जर्मनीच्या बायर लेव्हरकुसेनने २०२३-२४ मध्ये २८ विजय आणि ६ बरोबऱ्या मिळवत अपराजित राहून विजेतेपद पटकावले. दोघांचेही गुण ९० झाले, पण जर्मन संघाने ते चार सामने कमी खेळून मिळवले. ‘अपराजित’ हा शब्द ऐकला की बरोबरीचा रकाना तपासावा, तो याचसाठी.

किती गुण म्हणजे चांगले? ३८ सामन्यांच्या हंगामात सामन्यामागे दोन गुण या गतीने ७६ होतात, आणि एके काळी तेवढ्यावर विजेतेपद मिळत असे. आता तो भरवसा उरलेला नाही. लिव्हरपूलने २०१८-१९ मध्ये संपूर्ण हंगामात केवळ एक सामना गमावून ९७ गुण मिळवले आणि तरीही ९८ गुणांच्या मँचेस्टर सिटीमागे त्यांना दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी लेस्टर सिटी ८१ गुणांवर विजेते झाले होते. म्हणजे गुणांचा आकडा एकटा फार काही सांगत नाही. त्या हंगामातील इतरांची गती किती, हेही पाहावे लागते.

पहिल्या आठ-दहा फेऱ्यांपर्यंत तालिकेवर फारसा विश्वास ठेवू नये. त्या काळात कोणाला सोपे प्रतिस्पर्धी मिळाले आणि कोणी घरच्या मैदानावर जास्त सामने खेळले, यावर क्रमांक अवलंबून असतो. बहुतेक ठिकाणी घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांच्या वेगळ्या तालिकाही उपलब्ध असतात. त्या पाहिल्या तर घरी बलाढ्य आणि बाहेर दुबळे असणारे संघ लगेच ओळखू येतात. घरच्या मैदानाचा फायदा काल्पनिक नाही. २०२० मध्ये प्रेक्षकांविना सामने झाले, तेव्हा जर्मनीसह अनेक लीगमध्ये यजमान संघांचा वरचष्मा कमी झाल्याचे दिसून आले.

अलीकडे ‘अपेक्षित गोल’ हा आकडाही सर्वत्र दाखवला जातो. प्रत्येक फटक्याची जागा आणि परिस्थिती पाहून तो गोल होण्याची शक्यता शून्य ते एकच्या दरम्यान मोजली जाते आणि त्यांची बेरीज केली जाते. पेनल्टीची शक्यता साधारण पाऊण धरतात. एका सामन्यापुरता हा आकडा फारसा महत्त्वाचा नसतो, परंतु सलग आठ-दहा सामन्यांत एखादा संघ अपेक्षेपेक्षा खूप जास्त गोल करत असेल, तर ती गती टिकणे कठीण आहे असे समजावे.

पाचवी पायरी: समान गुणांचा नियम आधीच पाहून ठेवावा

ही पायरी रूक्ष वाटते, पण तिच्यावर विजेतेपदे फिरलेली आहेत. प्रीमियर लीगमध्ये गुण समान झाल्यास गोलफरक आणि तोही समान असल्यास केलेले गोल पाहतात. स्पेनमध्ये त्या दोन संघांतील परस्पर सामन्यांचा निकाल प्रथम विचारात घेतला जातो. ब्राझीलमध्ये कोणाचे विजय अधिक, हे आधी बघतात. इटलीत २०२२-२३ पासून पहिल्या क्रमांकासाठी दोन संघ समान गुणांवर आल्यास त्यांच्यात निर्णायक सामना खेळवण्याची तरतूद आहे. पदावनतीच्या, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरण्याच्या, सीमेवरही हाच नियम लागू होतो आणि त्याच हंगामात तो वापरावाही लागला: ३१ गुणांवर अडलेल्या स्पेझिया आणि वेरोना यांच्यात वेगळा सामना झाला आणि वेरोना ३-१ असा जिंकून वाचला.

स्पेनच्या २००६-०७ च्या हंगामात रेआल माद्रिद आणि बार्सिलोना दोघेही ७६ गुणांवर थांबले. बार्सिलोनाचा गोलफरक बराच सरस होता, पण परस्पर लढतींत माद्रिदने एक सामना २-० असा जिंकला होता आणि दुसरा ३-३ असा बरोबरीत सोडवला होता, म्हणून विजेतेपद माद्रिदला मिळाले. इंग्लंडमध्ये १९८८-८९ साली आर्सेनल आणि लिव्हरपूल हेही ७६ गुणांवरच अडले. गोलफरकही दोघांचा ३७ असाच होता. आर्सेनलचे गोल ७३ आणि लिव्हरपूलचे ६५, एवढ्यावर निकाल लागला.

त्याहून जुनी एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. इंग्लंडमध्ये १९७६ पर्यंत गोलफरकाऐवजी केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागण्याची पद्धत होती. १९२३-२४ मध्ये हडर्सफील्ड आणि कार्डिफ यांचे ५७-५७ गुण झाले. हडर्सफील्डने ६० गोल करून ३३ स्वीकारले होते, कार्डिफने ६१ करून ३४. भागाकारात हडर्सफील्ड किंचित पुढे राहिला आणि विजेता ठरला. आजचा नियम लावला तर दोघांचाही फरक २७ येतो आणि एक गोल जास्त केलेला कार्डिफ विजेता होतो.

आपल्या लीगचा हा नियम कळला की तीन-शून्यने आघाडीवर असलेला संघ शेवटच्या मिनिटांतही चौथ्या गोलासाठी का धावतो, किंवा प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या एखाद्या बरोबरीचे त्याला एवढे समाधान का वाटते, याचा उलगडा होतो.

सहावी पायरी: संघ हंगामात बदलत असतो, हे लक्षात ठेवावे

ऑगस्टमध्ये पाहिलेला संघ मार्चमध्ये तसाच राहत नाही. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीसाठी युरोपात उन्हाळ्यात आणि जानेवारीत अशी दोनदा मुभा असते, आणि उन्हाळ्याची मुदत लीग सुरू झाल्यानंतरही काही दिवस चालू राहते. उसनवार घेतलेले खेळाडूही असतात; प्रीमियर लीगमध्ये असा खेळाडू आपल्या मूळ क्लबविरुद्ध लीगचा सामना खेळू शकत नाही, त्यामुळे एखादा चांगला खेळणारा गडी एका विशिष्ट आठवड्यात अचानक संघाबाहेर दिसतो. पिवळ्या कार्डांचाही हिशेब साठत जातो. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी कार्डे मिळाली की एका सामन्याची बंदी येते. चार कार्डे मिळालेला बचावपटू मोठ्या लढतीच्या आधीच्या सामन्यात का जपून खेळतो, ते यावरून समजेल.

तालिका मैदानाबाहेरही बदलते. आर्थिक नियमांच्या उल्लंघनासाठी गुण कापले जातात आणि अपिलात परतही मिळतात. युव्हेंटसचे २०२२-२३ मध्ये जानेवारीत १५ गुण कापले गेले, एप्रिलमध्ये ते परत मिळाले आणि मेमध्ये पुन्हा १० कापले गेले. एव्हर्टनला २०२३-२४ मध्ये झालेली १० गुणांची शिक्षा अपिलानंतर ६ वर आली. तालिकेखाली बारीक अक्षरात दिलेली टीप म्हणूनच वाचावी.

सातवी पायरी: तळाकडे लक्ष द्यावे

विजेतेपदाची शर्यत कधी कधी एप्रिलमध्येच संपते. तळाची लढाई बहुधा अखेरपर्यंत चालते, आणि लीग म्हणजे काय हे तिथेच खरे कळते. इंग्लंड, स्पेन आणि इटलीत शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात, ब्राझीलमध्ये चार. जर्मनीत शेवटचे दोन थेट जातात, तर १६ व्या क्रमांकावरील संघाला खालच्या श्रेणीतील तिसऱ्या संघाशी दोन सामन्यांची लढत खेळावी लागते. खालच्या श्रेणीत गेले की प्रक्षेपण हक्कांतून मिळणारे उत्पन्न घसरते, चांगले खेळाडू सोडून जातात, आणि परतायला अनेक वर्षे लागू शकतात. त्यामुळे तळाच्या दोन संघांची आपसातील लढत पुष्कळदा पहिल्या दोन संघांच्या लढतीपेक्षा अधिक तणावाची होते. एका संघाने मिळवलेले तीन गुण दुसऱ्याने गमावलेले असतात.

इंग्लंडमध्ये ४० गुण म्हणजे सुरक्षित असे सर्रास म्हटले जाते. ते ढोबळ आहे. वेस्ट हॅम २००२-०३ मध्ये ४२ गुण मिळवूनही खाली गेला, आणि दोनच वर्षांनी वेस्ट ब्रॉमविच ३४ गुणांवर वाचला, तोही नाताळच्या दिवशी तळाला असताना. लेस्टर सिटी २०१४-१५ मध्ये नाताळात तळालाच होता. तो ४१ गुणांनिशी १४ व्या क्रमांकावर आला आणि पुढच्याच हंगामात त्याने लीग जिंकली. आकड्याऐवजी खालून चौथ्या संघापासूनचे अंतर आणि उरलेले सामने यांची सांगड घालावी.

मधल्या क्रमांकांवरही काही रेषा असतात. वरून चौथ्या-पाचव्या क्रमांकापर्यंत खंडीय स्पर्धेतील स्थान पणाला लागलेले असते आणि त्याखाली दुय्यम खंडीय स्पर्धांच्या जागा असतात. नेमकी संख्या देशानुसार आणि वर्षानुसार बदलते.

आठवी पायरी: शेवटची फेरी

अखेरच्या फेरीतील सामने बहुतेक मोठ्या लीगमध्ये एकाच वेळी सुरू होतात, जेणेकरून दुसऱ्याचा निकाल पाहून सोयीस्कर खेळ करण्याची संधी कोणालाही मिळू नये. आदल्या दिवशी एका कागदावर तीन प्रश्न लिहून ठेवावेत: विजेतेपद, खंडीय स्थान आणि पदावनती यांपैकी काय अनिर्णित आहे, प्रत्येकासाठी कोणते सामने महत्त्वाचे आहेत, आणि गुण समान झाल्यास काय होईल. एक सामना पडद्यावर ठेवून बाकीच्यांचे गोलफलक बाजूला उघडे ठेवावेत.

हे सामने एकमेकांत कसे गुंतलेले असतात, याचे उत्तम उदाहरण १३ मे २०१२ चे आहे. मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड समान गुणांवर होते आणि सिटीचा गोलफरक सरस होता. युनायटेडने संडरलंडमध्ये १-० असा विजय मिळवला, तेव्हा सिटी घरच्या मैदानावर दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध अडलेला होता. भरपाईच्या वेळेत आधी जेको आणि मग अग्वेरो यांनी गोल केले आणि सिटी ३-२ असा जिंकला. पण त्याच वेळी स्टोकमध्ये, रेंजर्सप्रमाणेच पदावनती टाळण्यासाठी झगडणाऱ्या बोल्टनची बरोबरी झाल्याने हरलेला रेंजर्सही लीगमध्ये टिकला. केवळ वरची बाजू पाहणाऱ्याला त्या दिवसाची अर्धीच गोष्ट समजली.

आघाडीही नेहमी टिकत नाही. बुंडेसलिगाच्या २०२२-२३ हंगामाच्या शेवटच्या दिवशी डॉर्टमुंड दोन गुणांनी पुढे होता, पण घरच्या मैदानावर माइन्झशी २-२ अशी बरोबरी झाली आणि बायर्नने कोलोनमध्ये ८९ व्या मिनिटाच्या गोलावर विजय मिळवून ७१ गुणांवरच, गोलफरकाने, लीग जिंकली.

शेवटची शिटी वाजली तरी तालिका लगेच मिटू नये. जर्मनीतील १६ व्या क्रमांकाची लढत त्यानंतरच्या काही दिवसांत होते, आणि इंग्लंडमध्ये खालच्या श्रेणीतील तिसरा बढती मिळणारा संघ लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरील प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात ठरतो. पुढच्या हंगामातील संघांची यादी त्यानंतरच पूर्ण होते, आणि वेळापत्रक काही आठवड्यांत येते.